अबोली पहिल्यांदा लावताना

फुलझाडांची सुरुवात तुम्ही अबोलीपासून करत आहात, ही निवड अगदी योग्य आहे. दक्षिण भारत आणि श्रीलंका हे मूळ घर असलेले हे झाड कोकण-गोव्याच्या उबदार, दमट हवेत सहज रुळते. त्याच्या फुलांना वास नसला तरी ती तोडल्यावरही बराच वेळ टवटवीत राहतात, म्हणून वळेसरासाठी, म्हणजे केसांत माळायच्या गजऱ्यासाठी, त्यांना इतका मान आहे.

आरंभी एवढेच सांभाळा:

- सकाळचे कोवळे ऊन मिळेल आणि दुपारी सावली येईल अशी जागा द्या. मात्र पूर्ण सावलीत पाने वाढतात आणि फुले रुसतात.
- पाणी साचू देऊ नका. नवशिक्यांची बहुतेक रोपे तहानेने नव्हे, तर मायेपोटी घातलेल्या जादा पाण्याने मुळे कुजून मरतात. वरची माती बोटाला कोरडी लागली, की मगच पाणी घाला.
- कणसातली फुले खालून वर उमलत जातात. शेवटचे फूल गळाले, की कणीस देठापासून खुडा, म्हणजे नवे लवकर येते.

बी हवे असेल, तर दोन-चार कणसे झाडावरच वाळू द्या. मात्र पक्व बोंडाला पाणी लागताच ते तडकून बी दूर उडते, म्हणून ती पाऊस येण्याआधीच काढून घ्या. ‘दिल्ली’ हा वाण मात्र बी धरत नाही, त्याची छाटकलमेच लावावी लागतात. खतांचा विचार रोप नीट रुजल्यानंतर करा.