नुसती लिंक पुरेशी आहे का?

प्रश्न : प्रबंधात वापरलेल्या एका वेबपानावर लेखकाचे नाव नाही आणि तारीखही नाही. संदर्भसूचीत नुसती लिंक दिली तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही, कारण ती लिंक उद्या बंद पडली तर परीक्षकाच्या हाती काहीच उरत नाही. लेखकाच्या जागी पान प्रसिद्ध करणाऱ्या संस्थेचे नाव द्यावे, तारखेच्या जागी ‘दिनांक नाही’ असे लिहावे आणि पुढे पानाचे शीर्षक व पूर्ण पत्ता नोंदवावा. मजकूर वरचेवर बदलणारा असेल, तर तो पाहिल्याची तारीखही हवी. शिवाय २००१ पासून सर्वांना खुल्या असलेल्या वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर त्या पानाची प्रत जतन करून तिचा पत्ता जोडणे, माझ्या मते, अधिक भरवशाचे. शोधनिबंधाला डीओआय (कायमस्वरूपी डिजिटल ओळखक्रमांक) असल्यास मात्र लांबलचक लिंकऐवजी तोच द्यावा.