बंगळुरूला जावंसं वाटतं, तर उन्हाचं कारण कशाला?

पत्र

मावशी, मी नागपूरची, वय 34. मिहानमधल्या एका आयटी कंपनीत 11 वर्षं टेस्टिंग करते. गेली चार वर्षं गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं काम आहे, पण पुढे सरकतच नाही. नवरा अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. मुलगी दुसरीत आहे, सर्दी झाली की तिच्या छातीत घरघर होते. सासूबाई 68 वर्षांच्या, बीपीच्या गोळ्या चालू. गेल्या मे महिन्यात त्या घरातच चक्कर येऊन पडल्या. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. घर आमचं आहे. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, खाली भाडेकरू. आता मला बंगळुरूची ऑफर आली आहे, पगार 40 टक्के जास्त. इथली कंपनी म्हणते, पुण्याला बदली देतो, पण पगार तोच. मला वाटतं, हवामान बघता सगळ्यांनीच निघावं. नवरा म्हणतो, तू ठरव. पंधरा दिवसांत उत्तर द्यायचंय. बंगळुरू की पुणे?

उत्तर

प्रिय मुली,

तुझ्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. सासूबाईंची तब्येत हा एक आणि तुझी नोकरी हा दुसरा. पहिला शहर न बदलताही बराचसा सुटेल. दुसऱ्यासाठी पहिल्याचा आधार घ्यायची तुला गरज नाही.

नागपूरचं ऊन मी कमी लेखत नाही. 23 मे 2013ला तिथे पारा 47.9 अंशांवर गेला होता. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्या याच उन्हामुळे. मे महिन्यात दुपारी सरासरी 42-43 अंश असतात आणि रात्रीही पारा 28च्या आसपास रेंगाळतो. वयस्क माणसाला ही रात्रच जास्त छळते, कारण शरीराला सावरायला थंड तास मिळत नाहीत. त्यात तुम्ही राहता थेट स्लॅबखाली. तो दिवसभर तापतो आणि रात्रभर ती धग खोलीत सोडतो. सासूबाई घरात पडल्या, रस्त्यावर नाही, हे तूच लिहिलं आहेस.

म्हणून आधी घराकडे बघ. खालच्या भाडेकरूचा करार कधी संपतो ते काढ आणि सासूबाईंना खाली आण. भाड्याचे पैसे बुडतील, बुडू देत. तोवर फेब्रुवारीतच गच्चीला चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग द्या. खोलीत दोन-तीन अंशांचा फरक पडतो आणि 68व्या वर्षी तेवढाही मोलाचा असतो. कूलर खिडकीत बसवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत नुसती ओल साचते. वीज गेली तर निदान पंखा चालेल असा इन्व्हर्टर हवाच. आणि मार्च उजाडला की त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. उन्हाळ्यात अंगातलं पाणी आणि मीठ आधीच कमी होतं, त्यात या गोळ्या असल्या की बीपी अचानक उतरून चक्कर येऊ शकते. त्यांची गोळी त्यातली आहे का, डोस बदलायचा का, हे डॉक्टरांनाच ठरवू दे. तुम्ही घरी गोळी बंद करू नका.

हे सगळं तू बंगळुरूला गेलीस तरी करावं लागेल, कारण सासूबाई लगेच तुझ्यासोबत येतील असं तुझ्या पत्रात कुठेच नाही. त्यांना कुणी विचारलं आहे का?

आता दोन्ही शहरांची हवा. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे. तिथला सर्वांत तापणारा महिना एप्रिल, तेव्हा दुपारी सरासरी 34 अंश आणि रात्री 22. पुण्यात एप्रिलमध्ये 38 होतात, रात्री मात्र बऱ्या असतात. आकडे बघितले तर बंगळुरू जिंकतं, यात वाद नाही. पण तिथे गेल्यावर तुला आधी पारा नाही, पाणी विचारावं लागेल. कावेरीचं पाणी सुमारे 100 किलोमीटरवरून वर चढवून आणतात. 2024च्या मार्चमध्ये बोअरवेल आटल्या, व्हाइटफिल्डसारख्या आयटी भागातल्या मोठमोठ्या सोसायट्या टँकरवर आल्या, पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर 5,000 रुपये दंड लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला, त्याने बाहेरच्या भागांना आधार मिळाला आहे. तरी घर बघताना घरमालकाला थेट विचार, कावेरीचं कनेक्शन आहे का, आठवड्यातून किती दिवस पाणी येतं, टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरला आहे की वेगळा. आणि वॉचमनला विचार, पावसात गल्लीत पाणी किती चढतं. सप्टेंबर 2022मध्ये बेलंदूर आणि आउटर रिंग रोडच्या भागात लोक ट्रॅक्टरवर बसून ऑफिसला गेले होते.

पुणं यातून सुटलेलं आहे असं समजू नकोस. 25 सप्टेंबर 2019च्या रात्री आंबिल ओढा घराघरांत शिरला. 25 जुलै 2024ला खडकवासला धरणाचा विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत कमरेच्या वर पाणी गेलं. हिंजवडी, वाघोलीकडे उन्हाळ्यात टँकर दिसतातच. नागपुरातही 23 सप्टेंबर 2023ला अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठची वस्ती बुडाली, ते तू डोळ्यांनी पाहिलं असशील. हवामानाच्या भीतीने पळून जाता येईल असं शहर या तिघांत नाही. फरक पडतो तो कोणत्या गल्लीत आणि कोणत्या मजल्यावर घर घेतो त्याने.

मुलीबद्दल मात्र मी जास्त सावध आहे. बंगळुरूची हवा सौम्य असली तरी परागकणांच्या ॲलर्जीसाठी ते शहर ओळखलं जातं. गाजरगवत हे त्यातलं एक मोठं कारण. (हे गवत भारतात पहिल्यांदा नजरेत भरलं ते 1950च्या दशकात, पुण्यातच. तेव्हा पुण्याकडेही या बाबतीत निर्धास्त होऊन बघू नकोस.) ज्या मुलांची छाती वाजते त्यांना तिथे त्रास वाढेलच असं नाही, पण जाण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडून नीट तपासून घे आणि श्वासाच्या पंपाबद्दल (इनहेलर) स्पष्ट विचार.

नोकरीबद्दल माझं मत सरळ आहे. पुण्याची बदली नाकार. पगार तोच, वर घरभाडं, आणि काम बहुधा तेच, ज्यात तू अडकली आहेस. पुणं तुझ्या कामासाठी वाईट नाही. चाकण, पिंपरीचे वाहन कारखाने, एआरएआयसारखी चाचणी संस्था, गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मोठ्या कंपन्या तिथेच आहेत. पण तिथे जायचं तर स्वतः मुलाखत देऊन, वाढीव पगारावर जा. बंगळुरूत बॉश आणि मर्सिडीज-बेंझची संशोधन केंद्रं आहेत, चिप डिझाइनच्या कंपन्या आहेत आणि परदेशी कंपन्यांची स्वतःची तंत्रज्ञान केंद्रं देशात सर्वांत जास्त तिथेच आहेत. या क्षेत्रात कपात सांगून येत नाही. ही नोकरी उद्या गेली तर त्याच घरात राहून दुसरी मिळेल का, हे मी पगाराच्या आकड्याआधी बघेन. मिहानमध्ये तुला पर्याय मोजकेच आहेत. बंगळुरूत ते नक्की जास्त आहेत, आणि ऑटोमेशन व गाडीच्या आतल्या सॉफ्टवेअरची चाचणी तुला येत असेल तर मागणीही आहे.

पण 40 टक्के ऐकून हुरळू नकोस. एक कागद घे. वाढलेला पगार एका बाजूला लिही. दुसऱ्या बाजूला तिथलं भाडं, काही महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट, मुलीच्या नव्या शाळेची फी, आणि नवऱ्याने नोकरी सोडली तर त्याचा पूर्ण पगार. शेवटचा आकडा लिहिलास की सगळ्यांनी निघण्याचा बेत पैशात बसत नाही, हे तुला दिसेल. अनुदानित जागेवरची नेमणूक एकदा सोडली की ती परत मिळवणं किती कठीण, हे त्याला माहीत आहे. तो बोलत नाही, एवढंच.

त्याचं “तू ठरव” मला बोचलं. पूर्ण पत्रात त्याच्या नोकरीला एक ओळ आहे आणि त्याच्या मताला दोन शब्द. कदाचित तो तुझी वाट अडवायला नको म्हणून गप्प असेल. तू त्याच्या आईच्या प्रकृतीचं कारण पुढे केलंस, मग तो नाही तरी कसा म्हणणार? त्याला खरं सांग की तुला हे काम हवं आहे, 11 वर्षांनी पुढे जायचं आहे. यात लाजण्यासारखं काही नाही. बायकांना स्वतःसाठी काही मागायचं तर घरातल्या कुणाचं तरी आजारपण पुढे करावं लागतं, हे मी अनेक पत्रांत वाचलं आहे आणि दर वेळी मला त्याचं वाईट वाटतं.

मी तुझ्या जागी असते तर बंगळुरूला हो म्हणाले असते, पण पहिल्या वर्षी एकटीने जाण्याच्या तयारीने. मुलगी बाबा आणि आजीजवळ, तिची शाळा मध्येच तोडायची नाही. मे सुरू झाला, नवऱ्याला सुट्टी लागली की तिघांनी जूनच्या मध्यापर्यंत तुझ्याकडे राहायचं. नागपूर सर्वांत तापतं ते हेच दिवस. सासूबाईंचा नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, तिकडे जाईल, मुलीची छाती तिथल्या हवेत कशी राहते ते कळेल, आणि आपल्याला तिथे शिकवायला मिळेल का हे नवरा स्वतः फिरून बघेल. विनावेतन रजा किती काळ मिळू शकते, हे त्याने संस्थेत आधीच विचारून ठेवावं. सात वर्षांच्या लेकीपासून दूर राहणं तुला झेपणार नसेल, तर ते मोकळेपणाने मान्य कर आणि नागपुरातूनच, घरून काम देणाऱ्या कंपन्या शोध. तोही चांगला निर्णय असेल.

नव्या कंपनीला उद्याच लिही. आठवड्यातले किती दिवस ऑफिसला यावं लागेल, महिन्यातून एक आठवडा नागपुरातून काम चालेल का, आणि उत्तराला आणखी दहा दिवस मिळतील का, हे तिन्ही एकाच मेलमध्ये विचार. मेल पाठवण्याआधी नवऱ्याला वाचून दाखव.

तुझी,
मावशी