परदेशात मुलं 18 व्या वर्षी घर सोडतात. मी 24 व्या वर्षी पुण्यातच वेगळा राहिलो तर काय बिघडलं? आणि खर्च किती येईल?

तुम्ही लिहिलंय की घर कोथरूडला, नोकरी खराडीला, जाण्यायेण्यात रोजचे तीन तास जातात. वेगळं राहायचं म्हटलं की घरचे म्हणतात, 'हे तिकडचं खूळ आहे, आपल्यात लग्नाआधी असं नसतं.'

आधी त्या 18 चा निकाल लावू. हा आकडा आपल्याकडे दोन्ही पक्ष वापरतात. मुलं म्हणतात, तिकडे बघा काय स्वातंत्र्य. काका-आत्या म्हणतात, तिकडे बघा, 18 झाले की पोरांना हाकलतात, माया म्हणून नाही. युरोस्टॅट या युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या 2022 च्या आकड्यांत युरोपीय संघात घर सोडण्याचं सरासरी वय 26.4 होतं. फिनलंडमध्ये 21.3, तर क्रोएशियात 33.4. इटली-स्पेनही तिशीच्या आसपास. अमेरिकेत कोविडच्या वर्षी, जुलै 2020 मध्ये, 18 ते 29 वयाचे 52 टक्के तरुण आईवडिलांकडे राहत होते, असं प्यू रिसर्च या तिथल्या संशोधन संस्थेने मोजलं. फिनलंडची आई निष्ठुर आणि क्रोएशियाची प्रेमळ, असं काही नाही. उत्तर युरोपात शिकणाऱ्याला सरकार भत्ता देतं. डेन्मार्कमध्ये उच्च शिक्षण घेणाऱ्या, स्वतंत्र राहणाऱ्या मुलाला तो आईबापांची मिळकत न बघता मिळतो. दक्षिणेत पक्की नोकरी उशिरा लागते आणि भाडं झेपत नाही. संस्कृतीचा भाग आहे, पण तो भाडं भरून झाल्यावर उरतो तेवढाच.

'हाकलतात' म्हणणाऱ्यांनी जर्मनीचा कायदा बघावा. तिथे मुलाचं पहिलं व्यावसायिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्याला पोसणं ही आईबापांची कायदेशीर जबाबदारी आहे, मग तो 18 चा असो की 23 चा. बाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याला किती द्यायचं याचं कोष्टकसुद्धा आहे, ड्युसेलडॉर्फर टाबेले नावाचं. 2025 साली त्यात महिन्याला 990 युरो धरले होते, त्यातले 440 घरासाठी. शिकणाऱ्या मुलाचा सरकारी बालभत्ता 25 वर्षांपर्यंत चालू राहतो. आणि गंमत म्हणजे, अविवाहित मुलाला आईबाप सांगू शकतात, 'घरीच राहा, जेव-खा, रोख देणार नाही.' तशी सोय कायद्यातच आहे.

आता आपल्याकडे या. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात मुलाला पोसायचं बंधन तो अज्ञान, म्हणजे 18 च्या आतला, असेपर्यंतच आहे. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीसाठी ते पुढे चालतं, मुलासाठी नाही. म्हणजे कागदावर 18 ला हात झटकायची मुभा आपल्याच बापाला आहे. हे पुढच्या बारशात कुणी विषय काढला तर जरूर ऐकवा.

तर आता पैसे. समजा खराडीच्या बाजूला वन बीएचके 18,000 ला मिळाला. डिपॉझिट तीन महिन्यांचं 54,000, एजंटचं एक महिन्याचं भाडं 18,000, पहिल्या महिन्याचं भाडं 18,000. हे झाले 90,000. करारनाम्याचं मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर अधिक डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के धरलेल्या व्याजावर, पाव टक्का. 11 महिन्यांचं भाडं 1,98,000, डिपॉझिटचं व्याज 4,950, त्यावर पाव टक्का म्हणजे 500 आणि थोडे वर. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1,000. घरी येऊन अंगठे घेणारा माणूस आपली फी वेगळी घेतो. गादी, शेगडी, भांडी, बादल्या, पडदे मिळून वीस-पंचवीस हजार. सव्वा लाख हातात असल्याशिवाय घर बघायला निघू नका. दरमहाचं भाडं झेपतं आणि सुरुवातीचा हा सव्वा लाख झेपत नाही, हीच गोष्ट बहुतेकांना अडवते. जर्मनीत डिपॉझिट निव्वळ भाड्याच्या (वरचे खर्च न धरता) तीन महिन्यांहून जास्त मागताच येत नाही आणि भाडेकरू ते तीन हप्त्यांत देऊ शकतो. आपल्याकडे अशी मर्यादा नाही. कुणी पाच-सहा महिन्यांचंही मागतो.

करारनाम्यावर जरा थांबतो, कारण सगळी भांडणं तिथूनच निघतात. '11 महिन्यांचा आहे, रजिस्टर करायची गरज नाही' हे वाक्य महाराष्ट्रात सरळ खोटं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55: लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे हाच भाड्याचा करार) कितीही महिन्यांचं असो, लेखी आणि नोंदणीकृतच हवं, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. त्याने ती केली नाही आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड होऊ शकतो, ते वेगळंच. नोटरीचा शिक्का मारलेला कागद म्हणजे रजिस्टर्ड करार नव्हे. इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झाल्याचा सरकारी उतारा, हातात येईपर्यंत सामान हलवू नका.

दुसरी चूक: करारात डिपॉझिट 20,000 लिहायचं आणि 34,000 रोख द्यायचे. ते 34,000 गेले असं समजूनच द्या. पूर्ण रक्कम बँकेतून पाठवा आणि तपशिलात 'डिपॉझिट' आणि फ्लॅट नंबर लिहा. रंगकामाचं कलम नीट वाचा. 'घर सोडताना एक महिन्याचं भाडं रंगासाठी कापलं जाईल' असं बारीक अक्षरात असतं. 11 महिने राहिल्यावर भिंतीचा रंग मळणारच. 'नेहमीच्या वापराने झालेली झीज सोडून' एवढे शब्द घालून घ्या. मालक नाही म्हणाला तर तो डिपॉझिट कसं परत देईल हे तुम्हाला आजच कळलं, फुकटात.

किल्ली घेताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी मालकाला पाठवा. महावितरणच्या मीटरचा आकडाही त्यात दिसू द्या, नाहीतर आधीच्या माणसाचं बिल तुमच्या गळ्यात पडतं. फ्लश ओढा, गीझर दहा मिनिटं चालवा, सिंकखाली हात घालून ओल आहे का ते पाहा. पावसाळ्यात बघितलेलं घर उत्तम: जी भिंत गळायची ती गळतच असते. पाणी किती वाजता येतं आणि उन्हाळ्यात टँकरचे पैसे कोण देतं हे वॉचमनला विचारा, एजंटला नाही. 'सोसायटीत बॅचलर चालत नाहीत' म्हणतात तेव्हा तो कायदा नसतो, कमिटीतल्या चार जणांचं मत असतं. पण तिथे राहायचं तुम्हाला आहे, म्हणून अशा ठिकाणी वाद घालण्यात शनिवार घालवू नका.

घरात गेल्यावर पहिल्या महिन्यात फसतं ते स्वयंपाकघर. एकट्याला कणीक दोन-तीन किलो पुरते. दहा किलोचं पोतं स्वस्त दिसतं आणि जुलैत त्यात पोरकिडे होतात. कुकर तीन लिटरचा, त्यात एका वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी. पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. पहिले दोन महिने डबा लावा आणि फक्त भात-वरण-अंडी स्वतः करा. रोजच्या पोळ्यांचा संकल्प दुसऱ्या आठवड्यात मोडतो, मग बाहेरून मागवायचा खर्च भाड्याच्या निम्म्यावर जातो.

हे सगळं पगार वेळेवर आणि तीन महिन्यांचा खर्च बाजूला असेल तर. घरी कुणी आजारी असेल, घराचा हप्ता तुमच्या पगारातून जात असेल, तर हिशोब वेगळा आहे आणि वरचं बरंच गैरलागू. मुलींना घरमालक दुप्पट प्रश्न विचारतात, हेही खरं. सव्वा लाख नसतील तर खराडी-चंदननगरला कॉट बेसिस, म्हणजे सामायिक खोलीत एक खाट भाड्याने, बघा. तिथे डिपॉझिट बहुधा एक-दोन महिन्यांचंच असतं, फक्त ते परत मिळायची अट लेखी घ्या. आणि प्राप्तिकरात भाड्याची सवलत मिळेल असं धरून चालू नका, नव्या करप्रणालीत ती नाही.

आईला कसं सांगायचं, हे विचारलंत ते राहिलंच. त्याचं तयार उत्तर माझ्याकडे नाही. पण तीन घरं निवडून झाली की शेवटच्या फेरीला तिला बरोबर न्या. ओट्याखालची झुरळं तिला तुमच्या आधी दिसतील.