मुंग्या घरात, उपग्रह आभाळात

प्रश्न: आमच्या जुन्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर कार्यक्रम संपले की मुंग्या दिसायच्या. त्यातली शंभरात एखादी विश्वाच्या बालपणीच्या प्रारणाची असते, असं वाचलं. जे घरबसल्या येतं, ते मोजायला उपग्रह कशाला?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर: प्रश्न रास्त आहे. पेंझियास आणि विल्सन या शास्त्रज्ञांना 1965 मध्ये हे सूक्ष्मलहरींचं प्रारण जमिनीवरच्या अँटेनानेच सापडलं. पण ते आहे हे कळणं वेगळं आणि त्यातला फरक मोजणं वेगळं. त्याचं तापमान सगळीकडे 2.725 केल्विन, आणि दिशेदिशेतला फरक लाखात एक भाग. म्हणजे मार्केट यार्डात शंभर किलो कांदा तोलून एका ग्रॅमची तफावत पकडायची! त्यात हवेतली वाफ स्वतःच सूक्ष्मलहरी सोडते. पुण्याच्या जुलैत तर विचारूच नका.

माझी आई मंडईत भाजीवाल्याला पारडी अदलाबदल करून पुन्हा तोलायला लावायची. पासंग असेल तर लगेच उघडा पडे. भाजीवाले तिच्यावर वैतागायचे, मी लाजून लांब उभा राहायचो.

नासाच्या कोबे उपग्रहाने (1989, मंडईतला कोबी नव्हे) नेमकं हेच केलं. एकमेकांपासून 60 अंशांवर रोखलेले दोन कर्णे (कर्ण्याच्या आकाराचे अँटेना) आणि मोजायचा तो फक्त दोघांतला फरक. उपग्रह स्वतःभोवती फिरत राही, त्यामुळे पारडी आपोआप बदलत आणि यंत्राचा पासंग वेगळा काढता येई. 1992 मध्ये तो लाखातला एक भाग जाहीर झाला. 2006 चं भौतिकशास्त्राचं नोबेल कोबेच्या मॅदर आणि स्मूट या शास्त्रज्ञांना मिळालं.

2001 च्या नासाच्याच डब्ल्यूमॅप उपग्रहानेही तराजूच वापरला, पण दुकान पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर थाटलं. तिथून सूर्य, पृथ्वी, चंद्र तिघेही एकाच बाजूला पडतात, म्हणून एका आडोशात काम भागतं. युरोपच्या प्लांक उपग्रहाने (2009) भर दिला गारव्यावर: त्याचे सर्वांत संवेदनशील शोधक 0.1 केल्विनपर्यंत थंड केले होते. विश्वाचं वय 1380 कोटी वर्षं, हा आकडा आज आपण इतक्या बेधडक सांगतो तो या मोजमापांच्याच जोरावर.

तुमचा जुना टीव्ही अजून माळ्यावर असेल, तर अँटेना जोडून रिकामं चॅनेल लावा. मुंग्या दिसतील. त्यातली नेमकी कोणती, ते मात्र मला विचारू नका.