फ्री व्हॉल्यूमची सुरुवात टीजीपासून करा

पॉलिमरची व्हिस्कॉसिटी, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, नुसत्या तापमानाशी जोडून पाठ करू नका. तुमचा पॉलिमर टीजीपासून, म्हणजे काचेसारखा कडक पॉलिमर ज्या तापमानाला मऊ होऊ लागतो त्या ग्लास ट्रान्झिशनपासून, किती अंश वर आहे हे आधी बघा. साखळीच्या तुकड्याला सरकायला शेजारी रिकामी जागा लागते. ती जागा म्हणजे फ्री व्हॉल्यूम. टीजीला ती एकूण आकारमानाच्या जेमतेम २.५ टक्के धरतात.

डूलिटल यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या समीकरणात व्हिस्कॉसिटीचा लॉगॅरिदम फ्री व्हॉल्यूमच्या या प्रमाणाच्या व्यस्तावर अवलंबून असतो. सगळी गंमत त्या व्यस्तात आहे. पॉलिस्टायरीन घ्या, टीजी साधारण १०० अंश सेल्सियस. टीजीच्या वर व्हिस्कॉसिटी किती बदलते ते सांगणाऱ्या १९५५ च्या डब्ल्यूएलएफ (विल्यम्स-लँडेल-फेरी) समीकरणात १७.४४ आणि ५१.६ हे स्थिरांक घालून स्वतः आकडेमोड करा, कागदावरच. १०० वरून ११० ला गेलात की फ्री व्हॉल्यूम तीन टक्क्यांच्या आसपास पोचतं आणि व्हिस्कॉसिटी जवळपास ६८० पट उतरते. २०० वरून २१० ला मात्र उतार सव्वादोन पटींच्या आसपासच. तापमानवाढ तीच, दहा अंशांची!

हे स्थिरांक सरासरी आहेत, स्वतःच्या मालाचे मोजलेले मिळाले तर तेच वापरा. टीजीच्या शंभरेक अंश वर गेल्यावर अऱ्हेनियसचं साधं तापमान-समीकरण बरं चालतं. पीव्हीसीतला प्लास्टिसायझर, म्हणजे मऊपणासाठी मिसळलेला पदार्थ, फ्री व्हॉल्यूम वाढवतो. आणि इंजेक्शन मोल्डिंगमधला दाब विसरू नका: तो फ्री व्हॉल्यूम कमी करतो, म्हणून मेल्ट, म्हणजे वितळलेला पॉलिमर, घट्ट होतो.