आधी अमरेली

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. रविवारी तू गेल्यावर डोक्यातून विषय जाईना, म्हणून लिहितोय. ऑर्डरींचा भरवसा नाही, मालकांना एक तारखेपासून सगळा कारखाना नव्या सॉफ्टवेअरवर हवाय, आणि स्टोअरमधले काका वही सोडत नाहीत. यात नेतृत्व कसं करू, असं विचारलंस.

बडोद्यात वाढलीस ना? मग सयाजीराव आठव. सक्तीचं प्राथमिक शिक्षण त्यांनी १८९३ साली सुरू केलं ते अमरेली भागात. राज्यभर लागू केलं १९०६ मध्ये. मध्ये तेरा वर्षं गेली! राजाला एका हुकमात सगळीकडे करता आलं नसतं का? पण पोरगं शाळेत गेलं तर ढोरांमागे कोण जाणार, हे कचेरीत बसून कळत नाही.

तुझी अमरेली कोणती, ते आधी ठरव. माझ्या मते स्टोअरच. सोपा विभाग धरून मालकांना खूश करू नकोस.

मकरपुऱ्याच्या आमच्या स्टोअरमध्येही अशीच वही होती. समासात पेन्सिलीने लिहिलेलं असे: कुठलं बेअरिंग कुठल्या लेथवर लवकर जातं, कुणाकडचं ऑइल सील टिकत नाही. तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला रकाना आहे? काकांची वही तू उघडून तरी पाहिलीस का?

मलाही सगळं एकदम बदलायला सांगितलं होतं. आधी एकाच शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या एकाच विभागात करू, यावर मी अडून बसलो. 'बदलाला विरोध' असा शेरा बसला, बढती दुसऱ्याला गेली. सल अजून आहे. पण त्या शॉपमध्ये नवी पद्धत टिकली आणि बाकीकडे वर्षभरात जुन्या चिठ्ठ्या परत आल्या. माझं बरोबर होतं, हे आजही ठासून सांगतो.

काळ अनिश्चित आहे म्हणून घाई करा, हे मला पटत नाही. अशा काळातच चूक एका कोपऱ्यात झालेली परवडते; ऐन डिस्पॅचच्या दिवशी सगळा कारखाना अडला तर पगार कुठून निघणार? म्हणून पुन्हा सांगतो, आधी अमरेली.

तीन महिने मागून घे. वही आणि संगणक शेजारी शेजारी चालू दे, रोज संध्याकाळी साठा जुळवा. कीबोर्डवर काकांना बसव, तू बाजूच्या स्टुलावर बस. मालक ऐकेनात तर मला फोन कर. त्यांच्या वडिलांशी माझी ओळख आहे, मी येतो बोलायला.

तुझा काका