वाचक विचारतात : देणगीतून संशोधन विद्यापीठ कसे उभे राहते?

प्रश्न : एकाच्या देणगीवर संशोधन विद्यापीठ चालते का? पैसा आधी कशावर घालावा?

उत्तर : अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ पाहा. व्यापारी हॉपकिन्स १८७३ मध्ये वारले. मागे ठेवलेले ७० लाख डॉलर विद्यापीठ आणि रुग्णालय यांत निम्मे-निम्मे वाटायचे होते. १८७६ मध्ये पहिले अध्यक्ष गिलमन यांनी इमारतींचा थाट टाळला, साध्या घरांत वर्ग भरवले आणि पैसा माणसांवर घातला. गणितासाठी इंग्लंडहून सिल्व्हेस्टर आले; संशोधक विद्यार्थ्यांना वर्षाला ५०० डॉलरची शिष्यवृत्ती मिळे. १८७८ मध्ये गणिताचे नियतकालिकही निघाले. आमच्या मते खरी हुशारी इथेच.

घोडे अडले ते गुंतवणुकीत. विद्यापीठाच्या वाट्याचा बहुतेक पैसा बाल्टिमोर-ओहायो रेल्वेच्या शेअरांत होता. १८८० च्या दशकाअखेर लाभांश थांबला आणि पगारांचीच पंचाईत झाली. रुग्णालय १८८९ मध्ये उघडले, वैद्यकीय महाविद्यालय मात्र निधीअभावी रखडले. बाल्टिमोरच्या धनाढ्य वारसदार मेरी गॅरेट यांनी तीन लाखांहून अधिक डॉलर दिले, पण अट घातली : स्त्रियांना पुरुषांच्याच अटींवर प्रवेश आणि प्रवेशाआधी पदवी हवी. विश्वस्तांनी कुरकुरत मान्य केले. १८९३ मध्ये महाविद्यालय सुरू झाले, पहिल्याच तुकडीत स्त्रिया होत्या.